धरणारा घरचा

आमच्या घरात गाडी कोण हाकणार यावरून कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते पुढं धरायला कोण उभं राहणार यावरून.

ज्यांनी बैलगाड्यांची शर्यत पाहिली नाही त्यांना हे सांगावं लागतं. आमच्या कडेगावकडं मैदानात सरळ चाकोऱ्या पाडलेल्या असतात. एका चाकोरीत एक छकडा, एका छकड्याला दोन बैलं. सुटायच्या जागी सोडणारे बैलांना थोपवून धरतात. झेंडा पडला की सुटायचं आणि समोरच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेपर्यंत जीव खाऊन पळायचं. वळण नाही, वळसा नाही. बघणाऱ्यांसाठी रेघ ओलांडली की शर्यत संपते. पण रेघ आली हे बैलांना कोण सांगणार? ती पळतच असतात. हाकणाऱ्यानं त्या वेगात कासरा ओढला तर वेसणीनं बैलाचं नाक फाटतं, नाहीतर एक बैल थांबतो, दुसरा थांबत नाही आणि छकडा पलटी होतो. म्हणून रेघेच्या पुढं, चांगल्या लांब अंतरावर, धरणारे उभे असतात. ते हात पसरून आडवे येतात, बैलांचा वेग थोडा मोडला की बाजूला होऊन वेसणीला हात घालतात आणि त्यांच्याबरोबर पळत पळत त्यांना उभं करतात.

लोक या कामाला गावातली चार-पाच पोरं गोळा करतात. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, कधी करायचे नाहीत. "सोडणारा कुणीबी सापडंल. धरणारा घरचा पायजे," असं ते म्हणायचे. आबा स्वतः हाकायचे, त्यांचे वडीलही हाकायचे, आणि धरायला माझे वडील. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांनी आयुष्यात एकदाही मैदानात छकडा हाकला नाही आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. पंचक्रोशीत असा धरणारा नव्हता. बाकीचे ओरडायचे, उड्या मारायचे. तात्या नुसते हात पसरून उभे राहायचे आणि आमची खिलारं त्यांना लांबूनच ओळखायची.

बैल थांबले की तात्या पहिल्यांदा गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या पोळीला हात लावायचे. तिथं आत धडधड चाललेली असते. हात तसाच ठेवून ते म्हणायचे, "उतरू दे. उतरू दे." धडधड उतरेपर्यंत कुणाला बैलांजवळ येऊ द्यायचे नाहीत. गुलाल घेऊन नाचत आलेली माणसंसुद्धा लांब थांबायची. आबासुद्धा.

मी हाकायला शिकले ती कॅनॉलच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर. मैदानात पोरीला कोण उतरू देतंय? पण सरावाला बैलं रोज पळवावी लागतात आणि माझा थोरला भाऊ मिलिटरीत भरती झालेला. मग राहिलं कोण, मीच. आई म्हणायची, "गोठ्यात दोन हायती ती कमी पडली म्हणून ही तिसरी." आबांनी मला जे शिकवलं त्यातलं एक वाक्य अजून कानात आहे. "रेघ आली की कासरा ढिला सोडायचा. रेघंच्या पुढचं तुजं न्हाई, तात्याचं." मी हजारदा तेच केलं असेल. रेघ आली की हात सैल, खांदे सैल, आणि समोर तात्या. त्या दोन-चार क्षणांइतकं निवांत मला आयुष्यात कधी वाटलं नाही, हे खरं सांगते.

मग बंदी आली. शर्यती थांबल्या. पळणारी बैलं गोठ्यात उभी राहून जड झाली, एकेक करून विकली गेली. आबा त्या बंदीतच गेले. पुढं बंदी उठली तेव्हा आमच्या गोठ्यात पळणारं जनावर नव्हतं आणि तात्यांच्या गुडघ्यात बसून उठायचा जोर नव्हता. आणि मी तर तोवर भावाची मोटरसायकल घेऊन त्याच कॅनॉलच्या रस्त्यावर सुटलेली होते.

मोटरसायकल खोलायची, जोडायची, पळवायची हा नाद लागला आणि नादाचं पोटपाणी झालं. आज सांगलीत माझं स्वतःचं गॅरेज आहे. 'मिस्त्री कुठाय?' म्हणून विचारत येणाऱ्यांना मी अजूनही 'समोर उभी हाय की, डोळं न्हाईत का?' म्हणते. गिऱ्हाइकं टिकतात, कारण काम चोख असतं. तोंडाचं काय घेऊन बसलाय.

ड्रॅग रेस पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. दोन गाड्या, दोन सरळ पट्टे, झेंड्याच्या जागी दिव्यांचा खांब. हिरवा लागला की सुटायचं आणि समोरच्या रेघेपर्यंत जीव खाऊन पळायचं. अरे, हे तर आमचंच! फक्त शेण नाही. त्या दिवसापासून मी ड्रॅग रेसमध्ये उतरले. पुण्या-कोल्हापूरची पोरं पहिल्यांदा मला बघून एकमेकांना कोपर मारायची. पुढच्या वर्षी कोपर मारायची बंद झाली. सुटण्यात मला कुणी मागं टाकू शकत नव्हतं. दिव्याकडं बघत थांबायचं कसं, हे झेंड्याकडं बघत लहानपण काढलेल्या पोरीला कोण शिकवणार?

तात्या मात्र एकदाही आले नाहीत. "ज्येला जीव न्हाई त्येची कसली शर्यत?" एवढंच म्हणायचे. मी ढाल घेऊन घरी आले की ती टीव्हीच्या वर नीट ठेवायचे, पुसायचे, पण विचारायचे काही नाहीत. मला राग यायचा. लय राग यायचा. पण बापाला कोण बोलणार.

मग तो पावसाळ्यानंतरचा रविवार. सातारा जिल्ह्यातली एक वापरात नसलेली विमानाची धावपट्टी शर्यतीसाठी घेतलेली होती. मी जिंकले. रेघ माझी पहिली गेली, हे मला चांगलं आठवतं. त्यापुढचं आठवत नाही, लोकांनी सांगितलं ते एवढंच. पट्टी संपली, गाडी खाली उतरली, चर, बांध, आणि मी शाळवाच्या, म्हणजे ज्वारीच्या, रानात. गळ्याचं हाड मोडलं, खुब्याला मार बसला. मिरजेच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा आई रडत होती आणि तात्या पायाशी उभे होते.

"पुढं कोण हुतं?" त्यांनी विचारलं.

"कुठं पुढं?"

"रेघंच्या पुढं. धरायला."

"तात्या, ती मोटरसायकल हाय," मी म्हणाले. दुखत होतं, आणि दुखताना असला प्रश्न. "पुढं कुणी नसतं तिथं. ब्रेक असतो."

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, म्हातारं आता मला शर्यत बंद कर म्हणणार. ते काहीच म्हणाले नाहीत. नंतर कळलं की मी दवाखान्यात असताना ते एकटे एसटीनं सांगलीला आले, गॅरेज उघडायला लावलं आणि त्या मोडक्या गाडीचा ब्रेक हातानं दाबून दाबून बघितला. ब्रेक लागत होता.

मी सगळ्यांना सांगितलं, पट्टीवर वाळू होती. आयोजकांनीही मान हलवली आणि पुढच्या शर्यतीपासून पट्टीच्या शेवटी टायरांची भिंत लावायचं ठरवलं. बैल गेला आणि झोपा केला. पण वाळू होती का? मला खरंच आठवत नव्हतं. आणि जे आठवत नाही त्याचीच भीती बसते. हाड जुळलं, चालायला लागले, गॅरेज सुरू झालं. गाडी पुन्हा उभी केली. तिच्यावर बसून कॅनॉलच्या रस्त्याला गेले की सुटायला काही वाटायचं नाही. थांबायची वेळ आली की हात गार पडायचे. सुटायची भीती असणारे पुष्कळ पाहिलेत मी. थांबायची भीती असणारी मी एकटीच असेन. पुढच्या मोसमात उतरून गाडी सरळ उभी करून दाखवली नाही, तर आपण संपलो, मग दुसऱ्यांच्या स्कुटरी पुसत बसायचं, हे मला पक्कं कळत होतं.

मोसम आला तेव्हा मी घरी सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. "एकदा देवानं सोडलं, आता काय त्येलाच बोलवायला निगालीस व्हय?"

तात्या अंगणात दोरी वळत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे तिला. पर मी पुढं हुबा राहीन. तरच."

"आवं तात्या, तिथं टायरं लावल्यात. माणसं असत्यात. कुणाला उभं राहू देत न्हाईत."

"टायरं घरची न्हाईत," ते म्हणाले.

वाटलं, येऊ दे. टायरांच्या मागं उभे राहतील, बघतील. एवढी वर्षं यावं म्हणून मनात कुढत होते, आता येतायत तर नको का म्हणू? खरं सांगायचं तर आनंदच झाला मला.

तीच धावपट्टी. टेम्पोत गाडी बांधून आम्ही दोघं पहाटेच निघालो. तात्यांनी पांढरी शुभ्र विजार, सदरा, टोपी घातलेली. मैदानाला जाताना ते असेच जायचे. बैलांना लांबून दिसायला पांढरं लागतं म्हणायचे. पोचल्या पोचल्या त्यांनी चपला काढल्या आणि पट्टीवरून चालत निघाले. पार शेवटापर्यंत. मध्ये वाकून खडा उचलायचे, बाजूला टाकायचे. नारिंगी जाकीट घातलेला एक मार्शल धावत गेला, "काका, इथं फिरायचं नाही!" तात्या म्हणाले, "व्हय, व्हय," आणि चालत राहिले. शेवटी टायरांच्या मागं त्यांना जागा करून दिली त्यानं. म्हाताऱ्या माणसाला कुणी किती बोलणार.

पहिल्या फेरीत मी लाज आणली. दिवा लागला, सुटले झकास, पण रेघ यायच्या आधीच हातानं ॲक्सिलरेटर सोडला. समोरचा गडी दिवा लागायच्या आधी हलला होता म्हणून तो बाद झाला आणि मी पुढं गेले, एवढंच. रेघेनंतर इतकी सावकाश गेले की मागून पायी येणाऱ्यानं गाठलं असतं. टायरांच्या मागं पांढरं काहीतरी उभं होतं. ते हाललं नाही.

दुसऱ्या फेरीत जीव थोडा गोळा केला. रेघ ओलांडली आणि लगेच दोन्ही ब्रेक दाबले, घाबरून, घट्ट. गाडी थांबली. थांबली म्हणजे टायरांपासून कितीतरी अलीकडं. हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते. झालं की! येतंय की थांबायला! उगाच घाबरत होते इतके महिने.

आता फायनल. बाजूला पुण्याचा एक गडी, माझ्यापेक्षा भारी गाडी. त्याच्याशी आधी दोनदा हरलेली. मी मागचं टायर जाग्यावर फिरवून गरम केलं, रबराचा धूर नाकात गेला आणि भीती कुठल्या कुठं गेली. भीती गेली हेच वाईट झालं. घाबरले होते तोवर हाताला काम होतं.

हिरवा लागला. मी सुटले. सुरुवातीलाच अर्धी गाडी पुढं. तो येतोय, चाक दिसतंय, पुन्हा मागं पडतंय. गियर, गियर, गियर. वारा छातीवर बसलेला. काटा दोनशेच्या जवळ. कानात नुसता आवाज आणि समोर रेघ. रेघ. गेली! माझी पहिली गेली!

आणि मी काहीच केलं नाही.

हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो. मी ब्रेक दाबला नाही. मला दाबावासा वाटलाच नाही. हात सैल पडले, खांदे सैल पडले. ॲक्सिलरेटर आपोआप मिटला, गाडी तशीच सुसाट, आणि मला निवांत वाटत होतं. झालं आपलं काम. पुढचं आपलं नाही. पट्टी खालून सरकत होती आणि टायरांची भिंत मोठी होत होती, तरी मी शांत.

तेवढ्यात त्या भिंतीच्या बाजूनं पांढरं काहीतरी हाललं. पट्टीवर आलं. माझ्या बरोब्बर समोर, मधोमध, आणि दोन्ही हात पसरून उभं राहिलं.

काळजात धस्स झालं म्हणतात, ते मला तिथं कळलं. मी किंचाळले. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, जे हाताला-पायाला लागलं ते सगळं दाबलं. गाडीचं मागचं चाक उचललं, परत आपटलं, शेपूट डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं. 'बाजूला व्हा' म्हणून ओरडत होते की 'तात्या' म्हणून, मला माहीत नाही. हेल्मेटमध्ये माझाच आवाज माझ्या कानात फुटत होता. ते हालत नव्हते. चेहरा दिसायला लागला. टोपी दिसायला लागली. तरी हालत नव्हते. बैल थांबेपर्यंत धरणाऱ्यानं हालायचं नसतं.

गाडी थांबली तेव्हा माझ्या पुढच्या चाकात आणि त्यांच्या विजारीत एक बैल आडवा उभा राहिला असता, एवढीच जागा होती.

ते पुढं आले. हँडलला हात घातला, दुसरा हात टाकीवर ठेवला. टाकी तापलेली. चटका बसून हात मागं घेतला आणि तोच हात माझ्या गळ्यापाशी आणला, हेल्मेटच्या पट्ट्याच्या खाली.

"उतरू दे," म्हणाले. "उतरू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हेल्मेट ओरबाडून काढलं आणि त्यांचा हात झिडकारला. आयुष्यात पहिल्यांदा. "येड लागलंय का तुमाला? मरायचं हुतं का? बापाला मारलेली म्हणून जगू का मी? आईला काय सांगितलं असतं, सांगा की! ही काय बैलं हायती? ही काय तुमाला ओळखत्यात?" मी रडत होते, शिव्याही देत होते, आणि चारी बाजूंनी नारिंगी जाकिटं धावत येत होती. तात्या ऐकून घेत होते.

पट्टीवर माणूस आला म्हणजे फेरी रद्द. तो माणूस माझ्या बाजूचा, म्हणून मी बाद. आणि तो पूर्ण मोसम मला उतरता येणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. चूक नव्हती त्यांची. मीही तेच केलं असतं. पुण्याचा गडी ढाल घेताना माझ्याकडं बघत सुद्धा नव्हता, भल्या माणसाला लाज वाटत होती.

परतीच्या वाटेवर मी टेम्पो असा हाकत होते की गियरचा दांडा उपटून हातात यावा. कडेगावच्या अलीकडं तात्या म्हणाले, "च्या घिऊ." थांबले. हॉटेलच्या बाकावर दोघं समोरासमोर बसलो.

"ब्रेक कवा दाबलास?" त्यांनी विचारलं.

"रेघ गेल्यावर."

"न्हाई," ते म्हणाले. "मला बगितल्यावर."

मी बशी पुढं ओढली.

"पैल्या दोन बारीला ब्रेक लागला आन् गाडीचं नाक खाली झालं. तवा मी हाललो न्हाई. आत्ता नाक खाली झालंच न्हाई. जन्म गेला माजा नाकं बगण्यात." ते कपाकडं बघत बोलत होते. "त्या येळलाबी तू दाबला नव्हतास पोरी. शाळवात गेलीस तवा. मी दवाखान्यातच वळिकलं. ब्रेक धडधाकट, मग गाडी थांबंना कशी? तू वाट बगत हुतीस."

रस्त्यावरून टेप लावलेला उसाचा ट्रॅक्टर गेला.

"तुला आमीच शिकीवलंय," तात्या म्हणाले. "रेघंच्या पुढचं तुजं न्हाई म्हणून. आबांनी सांगितलं आन् मी रोज हुबा राहिलो. आता ती मोटरसायकल हाय, तिथं कुणी नसतंय, ह्ये तुज्या डोस्क्याला कळतंय. हाताला कळत न्हाई. मग मी काय करू? टायरामागं हुबा राहून बगू?"

कप त्यांच्या हातात थरथरत होता. पट्टीवर एक बोटही हाललं नव्हतं त्यांचं. आता चहा बशीत सांडत होता. मला इतकी भीती वाटली की सकाळी पट्टीवरसुद्धा वाटली नव्हती. मी त्यांचा कप धरला.

तो सगळा मोसम आम्ही कॅनॉलच्या रस्त्यावर काढला. तात्या फक्कीची रेघ मारायचे. सुरुवातीला पुढं उभे राहायचे, रस्त्याच्या कडेला, आणि मी त्यांना बघून थांबायचे. मग ते आणखी लांब. मग बाभळीच्या आड. "आज मी न्हाई असं समज." मी थांबले की आडून खोकायचे, म्हणजे आहेत. एक दिवस खोकल्याचा आवाज आला नाही. जाऊन बघितलं तर बाभळीमागं कुणी नव्हतं. घरी आले तर हे अंगणात दोरी वळत बसलेले. "थांबलीस न्हवं?" म्हणाले. मी म्हणाले, "थांबले. पर सांगायचं तर असतं!" "सांगितलं असतं तर कशाला थांबली असतीस?" आई आतून म्हणाली, "दोगंबी येडी. माज्याच नशिबाला कशी आली?"

मुदत संपली तेव्हा मी पुन्हा नाव दिलं. यंदाच्या हिवाळ्यात. तीच पट्टी, तीच टायरं. मार्शलनं तात्यांना लांबूनच ओळखलं आणि हातच जोडले. "काका, कृपा करा."

"मी तिकडं जातच न्हाई बाबा," तात्या म्हणाले. "मी हितंच थांबतो. सुटायच्या जागी."

आमच्या घरातला धरणारा सुटायच्या जागी कधी उभा राहिलेला नाही. ते काम बाहेरच्याचं. मी गाडी दिव्यांसमोर आणली आणि मागं वळून बघितलं. दोरीच्या पलीकडं पांढरा सदरा. समोर बघितलं, पट्टीच्या टोकाला काळी टायरं आणि त्यावर ऊन. बाकी कुणी नाही. हात गार पडायला लागले. पडू दे म्हटलं.

हिरवा लागला. सुटले. बाजूचा गडी तोलामोलाचा होता, शेवटपर्यंत चाकाला चाक. रेघ आली. रेघ गेली. हात सैल पडायला लागला, मला कळलं, तो पडतोय. खांदे सैल व्हायला लागले. समोर कुणी नव्हतं. कुणी येणार नव्हतं. मी दात खाऊन बोटं मिटली.

गाडीचं नाक खाली झालं.

थांबले. टायरांच्या अलीकडं, सरळ, पट्टीच्या मधोमध. त्या फेरीत मी हरले, चाकभर अंतरानं. दुसरा गडी परतीच्या रस्त्याला लागला, मला हात करून गेला. मी गाडी कडेला घेतली आणि खाली बसले.

बऱ्याच वेळानं लांबून पांढरं काहीतरी येताना दिसलं. पट्टीच्या बाहेरून, कडेकडेनं. गुडघ्यांमुळं सावकाश. दोन्ही हात पाठीमागं घेतलेले, एका हातानं दुसरा मनगटापाशी घट्ट धरलेला. सुटायच्या जागेपासून तिथवर ते तसेच चालत आले असावेत.

जवळ आल्यावर त्यांनी तो हात सोडला आणि माझ्या गळ्याखाली लावला. थोडा वेळ ठेवला.

"उतरलंय की गं," म्हणाले. "माजी वाट बगितलीच न्हाईस."

मी उठले आणि त्यांच्या गळ्याखाली हात लावला. सदऱ्याच्या बटणापाशी, सुरकुतलेल्या कातड्याखाली नुसती धडधड चाललेली. एवढी धडधड मी आमच्या पळून आलेल्या बैलांच्या गळ्यातसुद्धा कधी पाहिली नव्हती.

मार्शल हातानं खुणावत होता, पुढची जोडी यायची होती, पट्टी मोकळी करा. मी त्याला हात वर करून थांब म्हटलं.

"उतरू दे, तात्या," मी म्हणाले. "उतरू दे."